दोन कड्या आणि बारावं मत

मी माझ्या आईला निवडणुकीत पाडलं. मला बारा मतं पडली, तिला पंचवीस, आणि निवडून आला तिसराच. ही गोष्ट सत्तावन्न सालची, लालबागच्या आमच्या तीन मजली चाळीतली. आज मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, तरी ऑफिसात कुणी निवडणुकीचा विषय काढला की माझे कान गरम होतात. पण कबूल करायचं तर सगळंच केलं पाहिजे. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस होते. केलेलं पाप आठवायला बसतो आणि मधेच मला हसू फुटतं, हेही मला आजवर नीट पचलेलं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. वडील गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर. घरातला पहिला मॅट्रिक मी, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. संध्याकाळी कचेरी सुटली की मी घरी जातच नसे. कुठल्या तरी नाक्यावर सभा असायची, नाहीतर मिरवणूक, नाहीतर भिंती रंगवायच्या असायच्या. संयुक्त महाराष्ट्र म्हटलं की त्या दिवसांत माणसाला तहानभूक लागत नसे. माझा आवाज सतत बसलेला असे आणि मला त्या बसलेल्या आवाजाचा फार अभिमान होता. घरी साधं पाणी मागायचं तरी मी घोगऱ्या, थकलेल्या पुढाऱ्याच्या सुरात मागायचो.

माझ्याकडे काम होतं लोकांना मतदान समजावून सांगायचं. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. पडद्यामागे जायचं, हातातला कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा, बाहेर यायचं. ज्याच्या पेटीत सगळ्यात जास्त कागद, तो निवडून आला. अर्ध्याहून जास्त पाहिजेत असंही नाही. दुसऱ्यापेक्षा एक जास्त असला की पुरे. बाकीच्यांच्या पेटीतल्या कागदांची किंमत शून्य. आणि म्हणूनच त्या वर्षी, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एकत्र बसले आणि सत्तेतल्या पक्षासमोर जागोजाग एकच माणूस उभा करायचं त्यांनी ठरवलं. एकास एक. मी बाकड्यावर चढून ओरडायचो, "मतं फुटू देऊ नका! मतं फुटली की आपण फुटलो!" हे वाक्य माझं स्वतःचं होतं. लोक टाळ्या वाजवायचे.

हाच पाठ मी एका सकाळी आमच्या चाळीच्या नळावर बायकांनाही दिला. आई रांगेत होती. ती कोकणातून आलेली, घरात मालवणी बोलायची, आणि मुद्द्याचं काही असलं की चाळीतही मालवणीच. तिने कळशी कमरेवरून खाली ठेवली.

"म्हणजे जेका जास्ती, तोच?"

"तोच."

"आणि दुसऱ्याक?"

"काही नाही."

"आणि तिसऱ्याक?"

"त्यालाही काही नाही. हा प्रसाद नाही आई, सगळ्यांना थोडा थोडा वाटायला. ही शर्यत आहे."

"मगे हरलेल्याक मत दिलेल्यांनी काय करूचा?"

"पुढच्या निवडणुकीपर्यंत भांडायचं."

"आणि जिंकलो तो कोणाचो? जेंनी दिला तेंचोच?"

"नाही. सगळ्यांचा. ज्यांनी दिलं नाही त्यांचाही."

आईने कळशी पुन्हा कमरेवर घेतली. मग म्हणाली, "बरा असा ह्या. एकच माणूस असलो तर तेची कॉलर तरी धरूक गावता."

बायका हसल्या. मीही हसलो. पण आई थट्टा करत नव्हती.

आमच्या चाळीत तोवर पाच पंच होते. ते कुणी निवडलेले नव्हते; जुने भाडेकरू म्हणून आपोआप झालेले. सगळ्यांचं एकमत झालं तरच काही करायचं, अशी त्यांची रीत. ऐकायला फार छान. पण आईची एक मागणी त्यांच्याकडे दोन वर्षं पडून होती. प्रत्येक मजल्याच्या टोकाला चार संडास होते आणि एकाच्याही दाराला आतून कडी नव्हती. जुन्या कड्या गंजून गळून पडलेल्या. पुरुष आत बसून खाकरायचे, तेवढं त्यांना पुरत असे. बायका जोडीने जायच्या. एक आत, एक बाहेरून दार धरून. भल्या पहाटे जायच्या, म्हणजे रांग नसे. माझ्या वहिनीला तेव्हा तिसरा महिना लागला होता, आणि तिला दिवसातून चार वेळा जावं लागे. आई हातातलं काम टाकून चारही वेळा दार धरायला जायची. तिचं म्हणणं एवढंच, की मजल्यावरचे दोन संडास बायकांना द्या आणि त्या दोन दारांना कड्या लावा.

पहिले पंच म्हणाले, माझी ना नाही, दुसऱ्यांना विचारा. दुसरे म्हणाले, तिसऱ्यांना विचारा. तिसऱ्यांना वाटे, भाडं गोळा करणाऱ्या मालकाच्या मेहत्याला विचारावं. चौथे म्हणाले, कडी लावली की चोरीला जाते. पाचवे ऐकायचे आणि मान डोलवायचे, आणि ती मान हो म्हणते की नाही ते कुणालाच कळत नसे. कुणीही नाही म्हणत नव्हता. दोन वर्षं कुणीच नाही म्हणत नव्हता आणि कडी काही लागत नव्हती.

मग मोठी निवडणूक झाली. आमच्या भागात आमचा माणूस निवडून आला. त्या संध्याकाळी रस्त्यावर गुलाल इतका उधळला गेला की गॅलरीत वाळत घातलेली धोतरं गुलाबी झाली आणि कुणाची बायको भांडली नाही. मी कुणाच्या तरी खांद्यावर होतो. कुणाच्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळी चाळ अशी वेडी झाली होती की त्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं, आपल्या चाळीतही निवडणूक घ्यायची. पंच नकोत. एक चाळप्रमुख. एक वर्षासाठी. ज्याला जास्त मतं, तो.

पंचांनी यावर विचार करण्यासाठी बैठक बोलावली, पण तोवर जिन्याखाली तारीखसुद्धा लिहून झाली होती.

पहिले उमेदवार उभे राहिले ते टायमकीपरकाका. गिरणीत तीस वर्षं टायमकीपर होते, आता निवृत्त. खिशात साखळीचं घड्याळ, काखेत छत्री, आणि बोलणं असं की समोरचा माणूस उगाचच आपण उशिरा आलो असं समजे. त्यांचं वचन एकच होतं, पण काय वचन होतं! चाळीवर मोठा बोर्ड लावायचा, आणि त्यावर चाळीच्या नावाखाली आत्ताच रंगवून टाकायचं, 'मुंबई, महाराष्ट्र राज्य'.

"पण काका, राज्य अजून झालेलं नाही," मास्तर म्हणाले. मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहायचे, म्युनिसिपल शाळेत शिकवायचे.

"राज्य येईल मागाहून," टायमकीपरकाका म्हणाले. "आपला बोर्ड वेळेवर पाहिजे."

या वाक्यावर पहिला मजला अक्षरशः नाचला.

दुसरी उमेदवार आई. तिला बायकांनी उभं केलं. चाळीत बाई उभी राहते म्हटल्यावर दोन दिवस सगळे वडिलांच्या तोंडाकडे बघत होते. वडील सांच्यावरून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "राहू दे उभी. बसलेली मी तिला कधी बघितलीच नाही."

आता माझं. मी हे शक्य तितकं सरळ सांगतो. नाक्यावरच्या इराण्याकडे आम्ही दहा-बारा मित्र बसलो होतो. एक म्हणाला, "साल्या, तू एवढा बोलतोस, चाळीत काय ते म्हातारेच उभे राहणार?" दुसरा म्हणाला, "तरुणांचा कोण?" तिसऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. बस, एवढंच. कुणी मला भरीला घातलं असं मी म्हणू शकत नाही. मी चहा संपवला आणि उभा राहिलो, दोन्ही अर्थांनी. घरी जाताना मी मनाशी एक हिशेब रचला, की तरुण पोरं नाहीतर टायमकीपरकाकांच्या बोर्डाला भुलतील, त्यांना मी आपल्याकडे ओढतो, म्हणजे आईला मदतच. जिना चढेपर्यंत माझा त्यावर विश्वासही बसला होता. खरं कारण असं होतं की मला माझं चिन्ह चिकटवलेला डबा बघायचा होता.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"तुका कोणी सांगल्यान उभो रवाक?"

"मित्रांनी."

"मित्र खय रवतत?"

"चाळीतच."

"मगे ते मत तुका देतले?"

"हो. म्हणजे, मला वाटतं."

ती खदखदून हसली. "रव उभो, झिला. घरातली दोघा असली तर एक तरी निवडान येतला."

याच बाईला मी महिन्याभरापूर्वी मतं फुटण्याचा धडा शिकवला होता. आणि ज्याने शिकवला तो तिच्यासमोर पाटावर बसून तिच्या हातची भाकरी खात होता आणि चूप होता. मी का बोललो नाही? कारण मी बोललो असतो तर मलाच बसावं लागलं असतं.

माझं वचन काय होतं ते सांगायला लाज वाटते. चाळीचं हस्तलिखित मासिक.

मास्तर निवडणूक अधिकारी झाले. चिन्हांची चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर आणि चित्र बरं होतं. टायमकीपरकाकांना छत्री, आईला कळशी, मला पतंग. छत्री मी काळ्या शाईने काढली. पतंग लाल आणि पिवळ्या रंगात, शेपटीसकट. आईची कळशी नुसत्या पेन्सिलीने. रंग संपले होते, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. रंग संपले नव्हते.

त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात जो प्रकार चालला होता त्याची आठवण झाली की मला अजून एकट्याला हसू येतं. आईच्या बाजूच्या बायका स्वयंपाकघरात बसायच्या आणि माझे मित्र दाराबाहेर गॅलरीत. मधल्या भिंतीतून दोन्ही बाजूंना सगळं ऐकू जायचं. एकदा आम्ही कुजबुजत ठरवलं, की रविवारी सकाळी बाजाची पेटी घेऊन वासुदेवासारखं गात मजल्यामजल्यावर प्रचार करायचा, तर आतून आईचा आवाज आला, "पेटी बेसूर असा, आधी दुरुस्त करा!" तिच्या बायकांची पत्रकं मीच लिहून देत होतो. माझी पत्रकंही मीच लिहीत होतो. दोन्हीत तोच मजकूर पडू नये म्हणून मला फार मेहनत पडायची. वडिलांना दोघांनी मत मागितलं. ते म्हणाले, "मी कुणाला देणार ते मी सांगणार नाही. मला रोज इथेच जेवायचं आहे."

मतदानाच्या आदल्या दिवशी मास्तरांना एक शंका आली. ते सच्चे माणूस होते. त्यांनी तिघांना बोलावलं आणि म्हणाले, "समजा, मतं तीन जागी वाटली गेली. निवडून येईल त्याला कदाचित निम्म्या चाळीचाही पाठिंबा नसेल. त्यापेक्षा असं करू का? तिघांनी चार-चार महिने वाटून घ्यावेत."

मला ते एकदम पटलं. चार महिने म्हणजे चार अंक. टायमकीपरकाका घड्याळ काढून बघू लागले. आई म्हणाली, "नको."

"का हो काकी? तुमचाही नंबर येईल."

"पयल्या चार महिन्यांत हे सांगतले, कडी पुढचो लावतलो. पुढचो सांगतलो, मागच्यान लावूक होयी होती. आमका पाच पंच होते तेच बरे होते मगे. नको मास्तर. एकच करा. जेका जास्ती तो. मी हरलंय तर हरलंय, पण जो कोण येतलो तेका विचारूक तरी गावतला."

मास्तरांनी चष्मा पुसला. आज इतकी वर्षं मी वर्तमानपत्रांतून, भाषणांतून या पद्धतीच्या बाजूने आणि विरुद्ध बरंच वाचलं आहे. पण हिचा मुख्य गुण कोणता, हे त्या संध्याकाळी पाटावर न बसता, दाराला टेकून उभं राहून आईने जसं सांगितलं तसं पुन्हा कुणाकडून ऐकलं नाही.

रविवारी सकाळी मतदान. जिन्याच्या मधल्या चौकात आईचंच एक लुगडं पडदा म्हणून टांगलं. त्यामागे वनस्पती तुपाचे तीन रिकामे डबे. चाळीत लिहितावाचता न येणारे पुष्कळ, म्हणून मत म्हणून चिंचोका द्यायचं ठरलं होतं. मास्तरांची पुतणी पडद्याबाहेर बसून प्रत्येकाला एकेक चिंचोका मोजून देत होती. ती तेव्हा कॉलेज संपवून नुकतीच शिक्षिका झाली होती. मला चिंचोका देताना ती हसली. हे हसू मी जपून ठेवलं.

पहिलाच माणूस आत गेला आणि 'टण्ण' असा आवाज आला. बाहेरचा सगळा जिना ओरडला, "छत्री!" कारण छत्रीचा डबा मोठा होता आणि त्याचा आवाज जाड होता. मतदान थांबवावं लागलं. डब्यांच्या तळाशी फडकी घातली. पुन्हा सुरू. दुपारी बाराला डबे उघडले. मतदार त्रेसष्ट. चिंचोके निघाले एकशे चार.

मास्तर मटकन पायरीवर बसले. झालं होतं असं, की चिंचोके कुणाच्या घरात नाहीत? एका आजोबांनी सरळ कबूल केलं. "मास्तर, एक चिंचोका टाकायला मला बरं नाही वाटलं हो. एवढ्या वर्षांनी संधी आली. मी घरचे पाच टाकले."

"कुणाच्या डब्यात?"

"तिघांच्याही. कुणाला वाईट नको वाटायला."

चाळ हसून हसून लोळत होती. मास्तर मात्र उठले, घरी गेले आणि कॅलेंडरची पानं कापून त्रेसष्ट तुकडे केले, प्रत्येकावर सही केली, आणि चार वाजता पुन्हा मतदान लावलं. त्याआधी त्यांनी जिन्यावर उभं राहून एवढंच सांगितलं, "एका माणसाला एक. गव्हर्नरलासुद्धा एक. ज्याला हे पटत नाही त्याने आपला तुकडा मला परत द्यावा." आजोबांनी तुकडा दोन्ही हातांनी घेतला.

मी पडद्यामागे गेलो. तीन डबे होते. पेन्सिलीची कळशी अंधारात जवळजवळ दिसतच नव्हती. पतंग छान दिसत होता. मी क्षणभर थांबलो, हे मी माझ्या बाजूने सांगतो. एक क्षण थांबलो. मग पतंगात टाकला.

सहा वाजता मोजणी झाली, सात वाजता गुलाल. छत्री सव्वीस, कळशी पंचवीस, पतंग बारा.

टायमकीपरकाकांना खांद्यावर घेतलं, छत्रीसकट. आणि त्या गोंधळात माझा एक मित्र मला म्हणाला, "च्यायला, काकू एका मताने गेल्या! तू उभा नसतास तर आम्ही दहाही जण काकूंनाच देणार होतो. आमच्या आयांनी शपथा घातल्या होत्या."

"मग दिलं का नाही?"

"अरे, तू उभा होतास ना!"

तो हे इतक्या प्रेमाने म्हणाला की मला त्याच्यावर रागावताही येईना. माझ्या कानात माझंच वाक्य वाजू लागलं, टाळ्यांसकट.

तेवढ्यात कुणीतरी आरोळी दिली, "सदतीस जण विरुद्ध आहेत! सव्वीसवाला कसला प्रमुख?" एकदोघांनी री ओढली. आई नारळ घेऊन पुढे आली.

"जास्ती कोणाक पडली?" तिने विचारलं.

"टायमकीपरकाकांना, पण..."

"मगे तेच." तिने नारळ काकांच्या हातात दिला. "मी आधीच म्हटलंय."

त्या रात्री मी जेवलो नाही आणि आईला वाटलं मी हरलो म्हणून जेवत नाही. तिने मला समजावलं. बारा मतं काय थोडी आहेत? मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

पण माझा नीचपणा इथे संपत नाही. अंथरुणावर पडल्यावर मला बारा या आकड्याने घेरलं. दहा मित्र. अकरावा मी. मग बारावं मत कुणाचं? मला ते हसू आठवलं. आईचं काय झालं ते विसरून मी पुढचे चार महिने तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे बघत काढले. मासिकासाठी एक कवितासुद्धा लिहिली. शेवटी एकदा जिन्यात धीर करून मास्तरांच्या पुतणीला विचारलं, की ते मत तुमचं ना? ती माझ्याकडे बघतच राहिली.

"कड्या सोडून मासिकाला मत द्यायला मी वेडी आहे का?"

कविता मी फाडली. ती चांगली नव्हतीच.

आणि हे चार महिने आई काय करत होती? दार धरत होती. वहिनीला सातवा लागला, आठवा लागला, मग नववा. पहाटे साडेचारला मला दोघींच्या पावलांचा आवाज यायचा आणि मी पांघरूण डोक्यावरून घ्यायचो. एकदा उठून म्हटलं, "आई, मी येतो, तू झोप." ती म्हणाली, "तू पुरुष मेलो, तू थय येवन काय करतलस?" खरंच, मी काय करणार होतो? जे करता आलं असतं ते पडद्यामागे करायचं होतं.

पण दार धरून झालं की आई रोज पहिल्या मजल्यावर जायची. निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला ती कळशी घेऊन टायमकीपरकाकांच्या दारात उभी राहिली होती.

"काका, कडी कधी लावतलात?"

"अहो, मला सव्वीसच मतं पडली. मी एकटा कसा ठरवू? इतरांना..."

"इतर आता कोण नाय, काका. तुमीच."

काकांनी मागे वळून बघितलं, जणू पंच उभे असतील. कुणी नव्हतं. ते नंतर मला म्हणाले होते की तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वेळ लिहिली, पण स्वतःची वेळ कुणी तरी मोजतंय असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. आधी त्यांनी बोर्ड लावलाच. देखणा झाला, आणि त्यावरचं राज्य अजून यायचं होतं तरी येणारेजाणारे थांबून वाचत. पण आई रोज सहाला यायची आणि एकच प्रश्न विचारायची. हळूहळू तिच्यामागे आणखी बायका येऊ लागल्या. काकांना मोजायची सवय होती. सव्वीस आणि पंचवीस यांतलं अंतर त्यांना मोजता येत होतं, आणि पुढच्या वर्षी पतंग नसेल हेही त्यांना कळत होतं. ते मालकाच्या मेहत्याकडे गेले, भांडले, पुन्हा गेले, घड्याळ दाखवून भांडले. चौथ्या महिन्याच्या अखेरीस ते स्वतः गिरणीतल्या सुताराला घेऊन आले आणि आमच्या मजल्यावर दोन दारांना दोन पितळी कड्या लागल्या. पुढच्या आठवड्यात उरलेल्या मजल्यांवर. मला मत न दिलेल्यांचीही कामं मीच करायची, असं ते सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरत होते.

कडी लागली त्या दिवशी रविवार होता. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे पहिला मान आईचा, असं बायकांनी ठरवलं. सगळी गॅलरी गोळा झाली. आई डबा घेऊन आत गेली. कडीचा खट्ट असा आवाज आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टायमकीपरकाकांनी सवयीने घड्याळ काढलं आणि मग स्वतःच लाजून खिशात ठेवलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आई बाहेर येईना. लोक हसून हसून पांगले. मी एकटाच उभा राहिलो. तिचा चेहरा समोर नव्हता, म्हणून असेल, पण चार महिने साठवलेलं एकदम बाहेर आलं.

"आई."

"काय रे?"

"मी तुझी मतं फोडली."

"माका ठावक असा."

"मी माझं मतसुद्धा मलाच दिलं."

"ताय ठावक असा. पतंग रंगवलंस तेवाच समाजला माका."

मी दारावर डोकं टेकलं. मग ती म्हणाली, "माजा मत पण तुकाच पडला."

"काय?"

"माका वाटला, तुका एकय पडाचा नाय. तुजे मित्र मेले इराण्याकडचे, तेंचो काय भरोसो! डबो रिकामो निघालो असतो तर तू चाळीत तोंड खय दाखवतलं होतंस? म्हटला, एक तरी पडांदे."

सव्वीस, पंचवीस, बारा. मी ते आकडे तिथेच, त्या वासात उभा राहून, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करून बघितले. तिचं एक तिच्या डब्यात, तर बरोबरी. माझंही एक, तर कळशी निवडून. दोन तुकडे कॅलेंडरचे. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे माझ्या नाकातून एक भलताच आवाज निघाला.

"रडतंस काय?" आतून विचारणा झाली.

"नाही. आई, तू बाहेर ये ना."

"कित्याक? कोण ढकलता काय दार?"

"नाही, कुणीच नाही."

"मगे बसाक दी जरा. वीस वर्षांत पयल्यांदा बसलंय निवांत." आणि थोड्या वेळाने, आवाज चढवून, "आणि पुढच्या खेपेक उभो रवलंस तर तंगडी मोडीन!"

"नाही उभा राहणार."

"चिन्हा मात्र तूच काढ. कळशी लाल रंगान काढ."

मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी एकास एक लढत झाली, आई चाळीस मतं घेऊन प्रमुख झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टायमकीपरकाका, छत्री काखेत धरून, पुरुषांच्या संडासांनाही कड्या हव्यात म्हणून आमच्या दारात उभे होते.